रुमालाने ठोका दाखवता येत नाही: दुसरीच्या संगीत तासाचा प्रकरण अभ्यास

दुसरीचा वर्ग, 28 मुलं, आठवड्यातून दोन तास, प्रत्येक तास 35 मिनिटांचा. त्या महिन्यात मला एकच गोष्ट साधायची होती. चालू सुरावटीतला स्थिर ठोका मुलांना ऐकू यावा आणि तो त्यांनी अंगात धरून ठेवावा. टाळ्यांनी ते जमत नव्हतं. पहिले सात-आठ ठोके सगळे बरोबर असायचे, मग कोणीतरी जरा घाई करायचं, शेजारचा त्याच्यामागे धावायचा आणि बघता बघता सगळा वर्ग पावसाची सर आल्यासारखा टाळ्या पिटत सुटायचा. टाळीत आवाज असतो. मुलांना सुरावटीपेक्षा एकमेकांच्या टाळ्याच मोठ्याने ऐकू येत होत्या.

म्हणून आवाज न करणारं काहीतरी हातात द्यावं, असं मनात आलं. मी नायलॉनच्या जाळीचे रंगीत रुमाल आणले. साधारण 60 सेंटीमीटरचे चौकोन, फुंकरीने उडतील इतके हलके. पुढच्या तासाला काय झालं, ते का झालं आणि नंतरच्या सहा आठवड्यांत काय बदलत गेलं, ते इथे जसं घडलं तसं मांडते आहे. हालचालीचं साहित्य हातात दिलं की तास आपोआप जिवंत होतो असं पुष्कळ शिक्षक मानतात. मीही मानत होते.

पहिला तास

रुमाल वाटण्यातच सात मिनिटं गेली. लाल सगळ्यांना हवा होता, तपकिरी कोणालाच नको होता. मग मी कीबोर्डवर मध्यम लयीची सुरावट धरली आणि सांगितलं, “प्रत्येक ठोक्याला रुमाल खाली.” मुलं खूश होती. रुमाल वर जात होते, गरगरत होते, डोक्यावर येत होते, पाठीला शेपटी म्हणून लागत होते. दोघंजण एकमेकांचे रुमाल ओढत होते. एका मुलीने रुमाल जमिनीवर पसरला, दुसरीचा पाय त्यावर पडला आणि ती घसरली. लागलं नाही, पण मी वाजवणं थांबवलं.

तास संपताना एक मुलगा जवळ आला आणि म्हणाला, “बाई, हा खाली येतच नाही लवकर. मी मारतो तरी येत नाही.”

तेव्हा मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला रांगेत पाठवलं. त्याने काय सांगितलं होतं हे मला संध्याकाळी कळलं. तासाचं चित्रण मी मोबाइलवर करून ठेवलं होतं. घरी आवाज बंद करून ते पाहिलं. वर्गात संगीत चालू होतं म्हणून मला सगळं लयीत वाटलं होतं. आवाज गेल्यावर त्या 28 रुमालांकडे बघून ठोका कुठे आहे हे मलाच सांगता येईना. आवाज बंद करून बघण्याची ही सवय मी त्या दिवसापासून ठेवली आहे. मुलं खरंच ऐकत असतील तर मुक्या चित्रातही लय दिसते.

वस्तूची स्वतःची लय

मग मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत टिकटिक करणारं यंत्र, 100 वर लावला. म्हणजे मिनिटाला 100 ठोके, एक ठोका 0.6 सेकंदाचा. सात वर्षांच्या मुलाचा हात वर केल्यावर जिथे पोचेल, साधारण दीड मीटर, तेवढ्या उंचीवरून रुमाल सोडला. तो जमिनीला टेकेपर्यंत तीन ठोके गेले, कधी चार. त्याच उंचीवरून बिया भरून शिवलेली तळहाताएवढी पिशवी सोडली. ती एका ठोक्याच्या आत खाली आली आणि ‘थप्’ असा आवाज झाला. कारण साधं आहे. दीड मीटर उंचीवरून जड वस्तू जवळजवळ 0.55 सेकंदात पडते. रुमालाला मात्र हवा अडवते. त्याचा पसारा मोठा आणि वजन नगण्य, त्यामुळे तो पडता पडता वेग घेतच नाही, तरंगत राहतो.

मुलगा “मारत” होता तो हात. हात ठोक्यावर खाली येत होता, रुमाल मात्र मागे रेंगाळत होता. मुलाचे डोळे रुमालावर होते आणि रुमाल त्याला सांगत होता, ‘अजून ठोका आलेला नाही.’ म्हणजे मी जी वस्तू मदत म्हणून दिली होती तीच त्याच्या कानाशी भांडत होती.

या प्रकरणातून मला मुख्य मिळालं ते इथे. हातात दिलेल्या प्रत्येक वस्तूला स्वतःचं वजन असतं, स्वतःचा वेग असतो. तो वेग संगीतातल्या ज्या गोष्टीशी जुळतो तीच गोष्ट ती वस्तू शिकवते. ठोक्याला सुरुवात असते, टोक असतं, तो एका क्षणी पडतो. त्याला टोक असलेली, पडल्याचं हाताला कळणारी वस्तू हवी. रुमालाला टोकच नाही. तो लांब श्वासाच्या ओळीचा आहे.

हालचाल आणि संगीत यांची सांगड घालणाऱ्यांनी हे फार आधी ओळखलं होतं. एमिल जाक-दालक्रोझ 1892 पासून जिनिव्हाच्या संगीत विद्यालयात शिकवत होते. कागदावर स्वरसंगती मांडू शकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही ती कानाने धरता येत नाही, लय अंगात उतरलेली नाही, हे त्यांना दिसलं आणि त्यांनी विद्यार्थ्यांना संगीताबरोबर चालायला लावलं. त्यांच्या पद्धतीची सुरुवात शरीराचं वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर जाण्यापासून होते. नृत्य आणि हालचालींचे अभ्यासक रुडॉल्फ लाबान यांनी हालचालीचे गुण सांगताना वजन, वेळ, अवकाश आणि प्रवाह ही चार अंगं धरली. मला ही चार नावं आधी पाठ होती. रुमालाने ती पहिल्यांदा समजावली. रुमालाकडे प्रवाह भरपूर आहे आणि वजन नाही, ठोक्याला तर वजनच लागतं.

पिशव्या

पुढच्या तासाला रुमाल कपाटातच राहिले. बियांच्या पिशव्या काढल्या. सगळ्या एकाच रंगाच्या शिवून घेतल्या होत्या, त्यामुळे वाटायला दोन मिनिटंही लागली नाहीत. (रंग हा वाटपाचा प्रश्न आहे, संगीताचा नाही. जिथे रंगातून काही शिकवायचं नसेल तिथे मी आता एकच रंग ठेवते.)

आधी काहीच फेकायचं नाही. पिशवी उजव्या तळहातावरून डाव्या तळहातावर. ठोक्याला ‘थप्’. मग गुडघ्यावर, खांद्यावर, डोक्यावर. पिशवीचं वजन हातात पडलं की मुलाला ठोका बाहेर शोधावा लागत नाही, तो त्वचेवर येऊन लागतो. दुसऱ्याच तासाला मुक्या चित्रणात लय दिसायला लागली, सगळ्यांची नाही, पण वर्गातल्या बऱ्याच जणांची.

इथे माझी दुसरी चूक झाली. मुलं घाई करतात म्हणून मी लय खाली आणली, मिनिटाला 60 ठोके. हळू केलं की सोपं जाईल असं आपण सहज धरून चालतो. झालं उलटं. पिशवी वर उडवून झेलण्याचा खेळ होता. 30 सेंटीमीटर वर उडवलेली पिशवी अर्ध्या सेकंदात परत येते. 60 च्या लयीत ठोका एक सेकंदाचा. तेवढा वेळ पिशवी हवेत ठेवायची तर ती सव्वा मीटर वर उडवावी लागते, आणि तेवढ्या उंचीवरून आलेली पिशवी सात वर्षांचं मूल झेलू शकत नाही. पिशव्या पडायला लागल्या, हसाहशी झाली. पण खेळ बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतोच. लहान मुलांची आपली अशी जी चाल असते ती मोठ्यांपेक्षा जलद असते. दोन ठोक्यांमधलं लांब अंतर रिकामं ठेवणं हे त्यांच्यासाठी अवघड काम आहे. मी लय पुन्हा 108 पर्यंत नेली आणि वर्ग सावरला. हळू लय नंतर आणली, आणि तीही उडवण्याने नाही. पिशवी हातात धरून हात मोठ्या गोलात फिरवायचा आणि ठोक्याला मांडीवर टेकवायचा. मधलं अंतर हालचालीने भरलं की ते रिकामं राहत नाही.

एक मुलगा मात्र 108 वरही पुढेच पळत होता. माझ्या वहीत त्याच्या नावापुढे ‘लय नाही’ असं मी लिहिलं होतं. चौथ्या आठवड्यात त्याला एकट्याला बोलावलं आणि सांगितलं, “तू तुझी पिशवी खेळ, मी तुझ्याबरोबर वाजवते.” तो खेळायला लागला. मी त्याच्या हाताकडे बघत कीबोर्डवर त्याची लय पकडली. मेट्रोनोमवर ती 132 च्या आसपास निघाली आणि तो तब्बल दोन मिनिटं तिथून हलला नाही. इतकी स्थिर लय वर्गात फार थोड्यांची होती. त्याच्याकडे लय होती, फक्त ती माझी नव्हती. तिथून मी वाजवता वाजवता एकेक पायरी खाली येत गेले आणि तो बरोबर आला, 120 पर्यंत तरी. वहीतला तो शेरा मी खोडला. ध्वनिमुद्रित संगीत लावून मी हे कधीच शोधू शकले नसते, कारण मुद्रण मुलाकडे बघत नाही. म्हणून पहिल्या ओळखीच्या तासांना शिक्षकाने स्वतः वाजवावं किंवा नुसता डफ धरावा, असं माझं ठाम मत झालं आहे.

गोलात बसून पिशव्या पुढे द्यायचा खेळही घेतला. ‘उचल – दे, उचल – दे.’ यात कोणाचा ठोका चुकला तर त्याच्यापुढे पिशव्यांचा ढीग साचतो आणि सगळ्या वर्गाला दिसतो. शिक्षकाला ही माहिती उपयोगी आहे, मुलाला मात्र ती शिक्षा होते. एका मुलीच्या पुढे चार पिशव्या साचल्या तेव्हा तिचे ओठ थरथरायला लागलेले मी पाहिले. त्यानंतर मी नियम बदलला. कुठेही दोनपेक्षा जास्त पिशव्या दिसल्या की मी “उलट!” म्हणते आणि सगळा गोल दिशा बदलतो. ढीग आपोआप विरतो आणि तो कोणामुळे झाला हे कोणाच्या लक्षात राहत नाही.

रुमाल परत आले

तिसऱ्या आठवड्यात रुमाल पुन्हा काढले, पण या वेळी ठोक्यासाठी नाही. चार ओळींची एक छोटी सुरावट मी बांधली होती. पहिल्या दोन ओळी सारख्या, तिसरी वेगळी आणि चौथी पुन्हा पहिलीसारखी. एका ओळीला रुमालाची एकच कमान, डावीकडून उजवीकडे. ओळ संपली की कमान संपली पाहिजे.

शिस्तीचा प्रश्न एका छोट्या युक्तीने सुटला. रुमाल सुरुवातीला मुठीत चुरगाळून ठेवायचा, बाहेर टोकही दिसता कामा नये. मी पहिला सूर वाजवेपर्यंत तो ‘झोपलेला’. मुठीत रुमाल धरून बसलेली 28 मुलं पहिल्या सुराची वाट बघतात तेव्हा वर्गात जी शांतता असते, तशी मी “शांत बसा” सांगून कधी मिळवलेली नाही. त्या शांततेतच ऐकणं सुरू होतं. विरामालाही हाच उपाय. सूर थांबला की रुमाल परत मुठीत. विराम म्हणजे काहीच न होणं, ही कल्पना लहान मुलाला पटत नाही, पण रुमाल लपवणं हे काम आहे आणि ते ती मन लावून करतात.

याच तासात आणखी एक गोष्ट उघडी पडली. मी पुढे उभी राहून स्वतः कमान काढून दाखवत होते. वर्ग सुरेख करत होता. तिसऱ्या फेरीला माझं लक्ष चुकलं आणि ओळ संपायच्या आधीच मी रुमाल दुसरीकडे वळवला. माझ्याबरोबर 28 रुमाल वळले. एकही मूल थांबलं नाही. म्हणजे मुलं सुरावट ऐकतच नव्हती, मला बघत होती. साहित्य हातात असलं की हा धोका वाढतो, कारण रुमाल डोळ्यांना ओढतो आणि डोळे कानांपेक्षा लवकर काम उरकतात. त्या दिवसापासून मी एकदाच दाखवते, मग वर्गाच्या मागे जाऊन वाजवते. मुलांची तोंडं भिंतीकडे असतात. पहिल्या दिवशी कमानी विस्कटल्या. दुसऱ्या दिवशी काही मुलं तिसऱ्या ओळीला अडखळली, आणि मला फार बरं वाटलं. तिसरी ओळ वेगळी होती. अडखळली म्हणजे ऐकू आली.

“इथे काय करायचं?” मी विचारलं. एक मुलगी म्हणाली, “ही पहिलीसारखी नाहीये. हिला दुसरा हात द्यायचा.” आम्ही तिसरी ओळ डाव्या हाताला दिली. सुरावटीची बांधणी वर्गाने अशी हाताने शोधली, त्यासाठी फळ्यावर एक अक्षर लिहावं लागलं नाही.

‘हा चावतो’

एका मुलाने रुमाल कधीच घेतला नव्हता. पहिल्या तासापासून तो हात पाठीमागे बांधून बसायचा. मला वाटलं लाजतो. बऱ्याच दिवसांनी बाजूला घेऊन विचारलं तेव्हा म्हणाला, “हा चावतो.” जाळीचं खरखरीत नायलॉन त्याच्या बोटांना सहन होत नव्हतं. काही मुलांना स्पर्श इतका तीव्र जाणवतो की बाकी काही ऐकूच येत नाही. हे मला आधी विचारायला हवं होतं. पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर त्याचे इतके तास गेले नसते. मी त्याला धुऊन मऊ झालेलं सुती कापड दिलं, त्याच मापाचं.

सुती कापड जड. सगळ्यांनी एकत्र रुमाल वर सोडले तेव्हा त्याचं सगळ्यात आधी खाली आलं. शेजारची मुलगी म्हणाली, “याचं लवकर पडतं.” तो म्हणाला, “मग जरा लवकरचं वाजवा ना.” मी लय वाढवली. आता त्याचं कापड ओळीबरोबर बरोबर टेकत होतं आणि बाकीच्यांचे रुमाल अजून हवेत होते. वर्गात चर्चा सुरू झाली आणि मी ती चालू दिली. कोणती सुरावट कोणत्या कापडाची? मी चार वेगवेगळ्या चालींचे तुकडे वाजवले आणि मुलांनी प्रत्येकासाठी रुमाल, सुती कापड, पिशवी किंवा रिकामा हात यांपैकी काय हवं ते निवडलं. एका तुकड्यावर मतं फुटली. अर्धे पिशवी म्हणत होते, अर्धे कापड. मी तो दोन्ही प्रकारे करून बघायला सांगितला. निवाडा दिला नाही, कारण त्या तुकड्यात खाली ठाम ठोका होता आणि वर लांब ओळ होती. दोघांचंही बरोबर होतं, फक्त दोघं वेगळं ऐकत होते.

संध्याकाळी मी हिशेब करत बसले तेव्हा लक्षात आलं की पहिल्या तासापासून मी जो धडा शोधत होते तो या दोन मुलांच्या तक्रारींत होता. एकाचा रुमाल लवकर पडत नव्हता आणि दुसऱ्याला तो चावत होता.

पॅराशूटचा तास

एकदा मोठं कापडी पॅराशूटही आणलं. त्याबद्दल थोडक्यात. आमचं 6 मीटर व्यासाचं होतं, म्हणजे घेर जवळजवळ 19 मीटर, प्रत्येक मुलाच्या वाट्याला 67 सेंटीमीटर कड. यापेक्षा लहान असतं तर 28 मुलं खांद्याला खांदा घासत उभी राहिली असती. हळूहळू वाढणारा आणि हळूहळू ओसरणारा आवाज दाखवायला ते उत्तम आहे, कारण एकट्याने ते वर नेता येत नाही. पण ठोक्यासाठी तेही निरुपयोगी, आणि उघडणं, कड वाटणं, घड्या घालणं यात तासाचा मोठा भाग जातो. महिन्यातून एकदा, त्याहून जास्त नाही, असं मी ठरवलं.

साहित्य काढून घेतल्यावर

पाचव्या आठवड्यापासून मी प्रत्येक तासाची शेवटची काही मिनिटं रिकाम्या हाताने घेऊ लागले. तीच सुरावट, तीच कमान, पण रुमाल नाही. साहित्य अंगात काहीतरी ठेवून गेलं का, हे तेव्हाच कळतं. पहिल्या दिवशी काही मुलांचे हात अर्ध्यावर थांबले. वस्तू गेल्यावर हालचालच संपली, म्हणजे ती हालचाल वस्तूचीच होती. त्यांना मी रुमाल परत दिला आणि दोन फेऱ्यांनंतर पुन्हा काढून घेतला. देणं-घेणं असं चालू राहिलं. दोन मुलांचं सहाव्या आठवड्यातही झालेलं नाही. त्यांना रुमाल हातात असताना ओळ कळते, नसताना नाही. त्यांच्यासाठी मी सध्या लवचीक पट्टा वापरून बघते आहे. दोघांनी दोन टोकं धरायची आणि ओळ लांबेल तसा पट्टा ताणायचा. ताण हाताला जाणवतो, म्हणून कदाचित तो लक्षात राहील. अजून सांगण्यासारखं काही हाती आलेलं नाही.

ज्याची मी अपेक्षा केली नव्हती ते गाण्यात दिसलं. हा वर्ग गाताना ओळीच्या मध्येच, शब्द तोडून, श्वास घ्यायचा. मी अनेकदा सांगितलं होतं, काही फरक पडला नव्हता. सहाव्या आठवड्यात आम्ही तीच सुरावट शब्दांसह गायला घेतली. मुलं बसलेली होती, हात मांडीवर. मागच्या रांगेतली ती मुलगी, जिने तिसऱ्या ओळीला दुसरा हात मागितला होता, गाता गाता नकळत उजवा हात मांडीवरून सरकवत होती, डावीकडून उजवीकडे. हात गुडघ्यापाशी पोचला तेव्हा ओळ संपली. तिने श्वास घेतला. तिसऱ्या ओळीला तो हात थांबला आणि डावा निघाला.